कच्चा टाका

मित्रांनो, वर जाणाऱ्यांचे कौतुक सगळ्यांनाच असते. मी मात्र खाली येणारी आहे. मी एक जुने पॅराशूट आहे. जुन्या पुस्तकांत मला हवाई छत्री म्हटलेले आढळते, आणि मला तेच नाव जास्त आवडते. म्हणून मी बाईमाणसासारखी बोलणार आहे. चालेल ना?

तुम्ही संग्रहालयाच्या मोठ्या दालनात शिरता, तेव्हा आधी तुमचे लक्ष त्या काळवंडलेल्या कुपीकडे जाते. आपल्याकडून सगळ्यांत आधी अंतराळात जी व्यक्ती गेली, ती याच कुपीत बसून गेली आणि याच कुपीत बसून परत आली. कुपीभोवती गर्दी होते, फोटो निघतात. मग कुणीतरी मान वर करते आणि विचारते, "वर तंबू कशाला टांगलाय?"

तो तंबू म्हणजे मी.

एखादे चौकस मूल माझ्या टोकाचे गोल भोक पाहते आणि आईला सांगते की छत्री फाटली आहे. फाटलेली नाही रे बाळा. ते भोक मुद्दाम ठेवलेले आहे. फार पूर्वी माणसांनी बलून उडवला, तेव्हा स्वतः जाण्याआधी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर पाठवला. ती तिघे धडधाकट परत आली, मग माणसांना धीर आला. पुढे एक धाडसी गृहस्थ बलूनमधून माझ्या खापरपणजीला लटकून उतरले. तिच्या टोकाला भोक नव्हते. आत कोंडलेली हवा कधी या काठाने निसटे, कधी त्या काठाने, आणि ती लंबकासारखी झुलत राही. गृहस्थ जमिनीवर पोचले, पण पोटातले सगळे बाहेर आले. नंतर कुणाला तरी सुचले की हवेला टोकातूनच थोडी वाट करून द्यावी. तेव्हापासून आमचे झुलणे कमी झाले. पहिल्या उड्डाणाच्या तारखा तुम्ही पाठ करता, पण पहिले उतरणे कधी झाले हे कुणी परीक्षेत विचारत नाही.

माझा जन्म शिवणघरात झाला. नायलॉनचा एक तागा आला, त्यातला एक तुकडा यंत्रात धरून फाटेपर्यंत ओढला. किती ताण सोसतो ते पाहायचे होते. तो तुकडा माझा सख्खा भाऊच म्हणायचा. तो फाटला म्हणून माझ्यावर विश्वास बसला. मग घेरदार परकराला असतात तशा लांब निमुळत्या कळ्या कापल्या, एक केशरी, एक पांढरी, अशा शेजारी शेजारी ठेवून शिवल्या. प्रत्येक शिवणीवरून दोर गेला. सगळे झाल्यावर मला वर ओढून टांगले, तेव्हा शिवणघरातल्या बाया मशिनी थांबवून खाली उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यातली एक म्हणाली की हिच्यात आपल्या अख्ख्या गल्लीचे परकर झाले असते. बाकीच्या हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

तिथून मी घडीघरात आले. माझी खरी गोष्ट तिथली आहे.

घडीघर म्हणजे एक लांबलचक, उजेडाची खोली. खोलीभर एकच टेबल, आरशासारखे गुळगुळीत. एका टोकाला उंच मनोरा, त्यात ओल्या छत्र्या टांगून वाळवत. पॅराशूटची घडी हे दोघांचे काम असते. एकाने टेबलाच्या त्या टोकाला उभे राहून छत्रीचे टोक ताणून धरायचे आणि दुसऱ्याने या बाजूने कळीवर कळी बसवत जायचे. टोक धरणाऱ्या उंच माणसाला सगळे टोककाका म्हणत. घडी घालायची ती घडीबाई.

घडीबाई ठेंगणी होती. नखे अगदी कापलेली, कारण कापडात नख अडकलेले तिला खपत नसे. कामाला सुरुवात करण्याआधी ती बोटातली अंगठी काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवी. काम करताना ती गुणगुणत असे, आणि ते गुणगुणणे कधीही सुरात नसे. टोककाका म्हणत की या आवाजाला घाबरूनच छत्र्या आकाशात गेल्या की झटकन उघडतात. मग चहाचा विषय निघे. टोककाकांचा चहा म्हणजे गरम पाणी, असे तिचे मत होते आणि ते ती मान वर न करता रोज सांगे. बोलणे चालू, हात चालू. हातांना बोलण्याची अडचण होत नसे.

आता तुम्हाला एक बारीकशी गोष्ट नीट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. घरी कुणी शिवत असेल तर कच्चा टाका तुम्हाला ठाऊक असेल. पक्की शिवण मारण्याआधी कापड जागेवर राहावे म्हणून तो घालतात आणि काम झाले की ओढून काढतात. आमच्या घडीतही कच्चे टाके असतात. माझ्या दोरांचे जुडगे करून प्रत्येक जुडगा पातळ सुती दोऱ्याने जागेवर बांधतात. हा दोरा एकेरी हवा आणि कच्चाच हवा. छत्री पिशवीतून ओढली गेली की एकामागून एक जुडगा सुटला पाहिजे, म्हणजे दोर गुंतत नाहीत. दोरा तुटण्यासाठीच बांधलेला असतो. तो वेळेवर तुटला नाही तर एक बाजू अडून राहते, दुसरी उघडते, आणि छत्रीची पिळलेली चादर होते.

घडीघराची एक रीत होती. तयार छत्र्या फळीवर ओळीने ठेवत. वैमानिक येत आणि हाताला येईल ती उचलत. कोणती छत्री कुणाच्या पाठीला लागणार, हे घडी घालणारीला कधीच कळत नसे. आणि वर्षातून एकदा तपासनीस त्या फळीपुढे उभे राहून एखाद्या छत्रीकडे बोट दाखवत. ती जिने घातली असेल तिने ती पाठीला बांधायची, विमानात बसायचे आणि उडी मारायची. घडीबाईला उंचीची भयंकर भीती. शिडीवर चढली तरी तिचे पाय लटपटत. पण तिने एकही वर्ष चुकवले नाही. उतरली की अंगावरची माती झटकत म्हणे, "झालं बाई. आता वर्षभर जमिनीवर."

तिला एक मुलगी होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. घरात दोघीच. शाळा सुटली की भिंगरी घडीघरात येई आणि टेबलाखाली बसून अभ्यास करी. अभ्यास म्हणजे काय, तर आईच्या पिशवीतला कच्चा दोरा काढून खुर्चीचे पाय बांधणे. मोठेपणी ती वैमानिक झाली. नवे विमान तयार झाले की ते पहिल्यांदा उडवून बघणाऱ्यांपैकी एक. फळीवरून तिने कितीदा आईच्या हातची छत्री उचलली असेल, ते दोघींनाही माहीत नव्हते. माहीत नव्हते हेच बरे होते.

मग कुपी तयार झाली आणि तिच्यातून जायला भिंगरीची निवड झाली.

कुपीची छत्री माणसाच्या पाठीला बांधता येत नाही, इतकी ती मोठी. मला पूर्ण पसरले तर एखाद्या चौकातली सगळी घरे माझ्याखाली येतील. तेव्हा वर्षातल्या उडीची रीत मला लागू पडेना. माझ्या बहिणींना वाळूने भरलेल्या कुपीसकट विमानातून टाकून पाहिले होते, त्या नीट उघडल्या होत्या. पण घडीघराला रीत मोडायची नव्हती, म्हणून त्यांनी ती थोडी वळवली. माझ्या पिशवीचे तोंड बंद करण्याआधी कुपीतून जाणाऱ्या माणसाने यायचे, घडीवर हात फिरवायचा, आणि घडी घालणारीने त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "ही मी घातली. मी हिला लटकेन." ते ऐकून समाधान झाले तर जाणाऱ्याने म्हणायचे, "मग मीही." त्यानंतर तपासनीस तपासत.

तपासनीस शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी घडीबाईला बाजूला घेऊन विचारले की हे काम दुसऱ्या जोडीला द्यायचे का, यात कमीपणा काही नाही. ती म्हणाली की दुसऱ्या कुणी घातली तर मी घरी बसून काय करू, भिंतीकडे बघू? तपासनिसांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. या कामातला तिच्याइतका स्थिर हात दुसरा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते.

अशी माझी पहिली घडी सुरू झाली.

मित्रांनो, मला तेव्हाच काहीतरी वेगळे जाणवले. ती गुणगुणत नव्हती. टोककाकांनी सवयीप्रमाणे काहीतरी विनोद केला, तर ती म्हणाली, "आज बोलू नका." टोककाका गप्प झाले. सारे घडीघर गप्प झाले. चहा आला आणि तसाच थंड झाला. तिने प्रत्येक कळी पुन्हा पुन्हा हाताने दाबली, जणू तापाने फणफणलेल्या मुलाच्या अंगावरचे पांघरूण सारखे करत होती. अशी सुरेख घडी त्या टेबलावर कधी झाली नव्हती. काठ काठाला इतके जुळले होते की टोककाकांनी दुरूनच हाताने छान अशी खूण केली.

दोरांचे जुडगे बांधायची वेळ आली. तिने दोऱ्याचा एक पदर घेतला, बोटांत धरला आणि थांबली. मग तो दुमडून दुहेरी केला. पहिला जुडगा दुहेरी दोऱ्याने बांधला, दुसराही, आणि मग सगळेच. दोरा पांढरा, दोरही पांढरे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या टोककाकांना ते दिसणे शक्य नव्हते. मला कळत होते, पण छत्रीला तोंड कुठे असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आली. निवड झाल्यापासून तिच्या मागेपुढे सतत कुणी ना कुणी असे, पण घडीघरात ती एकटीच आली. तिने बूट काढले, हात धुतले आणि माझ्यावर तळहात ठेवला. हळूहळू तिची बोटे कळ्यांवरून खाली उतरली आणि दोरांपर्यंत पोचली. पहिल्या टाक्यावर ती थांबली. दुसरा चाचपला. तिसराही. टेबलाखाली बसून तिने तोच दोरा खुर्चीच्या पायांना इतक्या वेळा बांधला होता, की तिला डोळ्यांनी बघायची गरज नव्हती.

घडीबाईने रीतीचे वाक्य सुरू केले होते. "ही मी घातली," इथपर्यंत ती आली होती.

"आई," भिंगरी हळूच म्हणाली, "दोरा दुहेरी घेतलास."

घडीबाईने दोऱ्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "रॉकेट किती हादरतं. आतल्या आत एखादा तुटला म्हणजे?"

"हादऱ्यांची चाचणी तुझ्यासमोर झाली ना? एकेरी टिकला होता."

"ती चाचणी वाळूची होती. आत वाळू होती."

भिंगरीने हात माझ्यावरून काढला नाही. टोककाका लांबच्या टोकाला उभे होते. ते खिडकीबाहेर बघू लागले, जणू बाहेर काही फार महत्त्वाचे चालले आहे.

"दरवर्षी उडी मारतेस," भिंगरी म्हणाली. "स्वतःच्या छत्रीला कधी दुहेरी टाका घेतलास?"

"नाही."

"का?"

"तुटला नाही तर मरेन म्हणून," घडीबाई म्हणाली. आणि स्वतःचे शब्द कानांवर पडताच ती टेबलाला टेकली.

मग भिंगरी आईच्या शेजारी जाऊन तशीच टेबलाला टेकून उभी राहिली. दोघी सारख्याच ठेंगण्या. ती म्हणाली, "ही घडी तू माझ्यासाठी घातलीस, आई."

"मग कुणासाठी घालू?"

"कुणाहीसाठी. ज्यांची नावं तुला ठाऊक नाहीत ते सगळे नीट खाली आले. मला त्यांच्यात बसव."

घडीबाईने स्वतःच तपासनिसांना बोलावले आणि काय झाले ते सांगितले. तिने काही लपवले नाही, कारणही पुढे केले नाही. तपासनिसांनी टाके पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले. हे माझ्या नजरेतून सुटले असते की नाही, मला सांगता येत नाही, असे ते म्हणाले. आता नियमाने काम दुसऱ्या जोडीकडे जाऊ शकत होते. पण घडीघरात, कुपीतून जाणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा मानत. तपासनिसांनी भिंगरीकडे पाहिले.

"आईच घालेल," भिंगरी म्हणाली. "पण आधी जेवून घे म्हणावं. काल दिवसभर काही खाल्लेलं दिसत नाही."

माझी सगळी घडी उलगडली गेली. दुहेरी टाके एकेक करून कापले. कुणी घाई केली नाही. दुपारी जेवून घडीबाई परत आली, अंगठी खिळ्याला अडकवली आणि टेबलापाशी उभी राहिली. त्या टोकाकडून टोककाकांनी विचारले, "आज बोलायला परवानगी आहे का?"

"रोज बोलता तेवढंच बोला," ती म्हणाली. "आणि चहा आज तरी चहासारखा करा."

कळीवर कळी बसू लागली. थोड्या वेळाने ती गुणगुणू लागली, आणि ते सुरात नव्हते. एका कळीचा काठ केसभर पुढे आला, तो तिने नेहमीसारखा नुसत्या अंगठ्याने मागे सारला. जुडगे बांधताना तिची बोटे एकदाच थबकली. मग तिने एकेरी पदर घेतला आणि बांधला, पुढचा घेतला आणि बांधला. डोळ्यांतून पाणी येत होते. ते कापडावर पडू नये म्हणून ती मधूनमधून मान वळवून खांद्याला पुसत होती. ओल्या कापडाची घडी घालायची नसते, हे ती त्याही वेळी विसरली नाही.

संध्याकाळी भिंगरीने पुन्हा हात फिरवला. घडीबाईने तिच्या डोळ्यांत पाहिले. "ही मी घातली," ती म्हणाली. "मी हिला लटकेन."

"मग मीही," भिंगरी म्हणाली.

तपासनिसांनी तपासले, पिशवीचे तोंड बांधले, आणि मी कुपीत गेले.

तुम्ही विचाराल की अंतराळ कसे होते. मित्रांनो, मी पिशवीत होते. मला काहीच दिसले नाही. आधी असा हादरा बसला की माझ्या शिवणी कण्हल्या. मग अचानक सगळे शांत झाले आणि एक नवल घडले. माझ्या वरच्या कळ्यांचे वजन खालच्या कळ्यांवर पडेनासे झाले. घडी होती तशीच होती, पण कुणीच कुणावर भार टाकत नव्हते. इतका हलका विसावा मला पुन्हा कधी मिळाला नाही. पलीकडून भिंगरीचा आवाज येत होता. ती खाली जमिनीवरच्या लोकांशी बोलत होती, आकडे सांगत होती, आणि मध्येच एकदा हसली. सगळ्यांत आधी तिथे पोचलेले आपले माणूस, आणि ती कशाला हसली असेल? नंतर कळले, तिची पेन्सिल हातातून सुटली होती आणि खाली पडायचे नाव घेत नव्हती.

परतताना कुपी तापली. बाहेर विस्तव झाला होता. मग वारा ओरडू लागला, आधी छोटी छत्री बाहेर गेली, आणि तिने मला खेचले.

एका क्षणात मी पिशवीबाहेर होते, पूर्ण लांब ताणलेली, आणि माझे टाके तुटू लागले. टक्, टक्, टक्. पहिला, दुसरा, त्यापुढचा. एकही अडला नाही. प्रत्येक टाका जिथे तुटायचा तिथे, जेव्हा तुटायचा तेव्हा तुटला. घडीबाईच्या बोटांची एकेक गाठ वाऱ्यात विरून गेली, आणि दोर मोकळे झाले. माझ्या तोंडात हवा शिरली. कळ्या उलगडल्या. माझ्या टोकाच्या भोकातून थोडी हवा वर निघून गेली, उरलेली मी धरून ठेवली. खाली भिंगरीचे वजन आले. ते मी तोलले.

मी जन्माला आले ती एवढ्याचसाठी. चहा निवायच्या आत माझे आयुष्यभराचे काम झाले.

कुपी मोकळ्या गवताळ रानात उतरली. मी शेजारी कलंडले. बरीच माणसे धावत येत होती, पण ती पोचायच्या आधी भिंगरी स्वतःच दार ढकलून रांगत बाहेर आली. तिला उभे राहता येत नव्हते. ती बसल्या बसल्या सरकत माझ्यापर्यंत आली, माझे दोर मांडीवर घेतले आणि दोऱ्यांची तुटकी टोके बोटांनी चाचपली. सगळी एकेरी. मग ती गवतात आडवी झाली आणि आकाशाकडे बघत राहिली.

त्या वेळी घडीबाई कुठे होती, हे मला पुढे कळले. मला वाळवायला मनोऱ्यात टांगले, तेव्हा टोककाका खाली उभे राहून शिवणघरातल्या बायांना सांगत होते. सगळे जण रेडिओभोवती जमले होते आणि ही टेबलापाशी उभी. फळीवर ठेवायची एक छत्री, कुणाच्या पाठीला लागणार ते ठाऊक नसलेली, ती घालत होती. टोककाकांना तिने टोक सोडू दिले नाही. पलीकडून ओरडा झाला की उतरली, सुखरूप उतरली. तरी तिने हातातला जुडगा आधी बांधून पुरा केला. मग खाली बसली आणि तिला बराच वेळ उठता आले नाही.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. कुपीबरोबर मला गावोगाव नेले. वर्तमानपत्रांत भिंगरीचे आणि कुपीचे फोटो छापून आले. मी त्यांत मागे पडलेल्या चादरीसारखी दिसते, पण दिसते. माणसे रांगा लावून येत आणि माझ्या काठाला हात लावून बघत. कुणी आठवण म्हणून एखादा धागा ओढून नेई. एका शहरात कुणीतरी कात्रीने माझ्या केशरी कळीचा तळहाताएवढा तुकडा कापून नेला. तो कुठे असेल कोण जाणे. असेल तिथे वाळलेला असू दे.

मग पुढची उड्डाणे झाली, मोठ्या कुप्या आल्या, नव्या छत्र्या आल्या. मला एका खोक्यात कोंबले. घडी न घालता कोंबले, हे मुद्दाम सांगते. खोके तळघरात गेले. वर कुणीतरी जुने पंखे ठेवले. कित्येक वर्षे मी तशीच पडून होते. ओल आली. उंदरांनी एका कोपऱ्यात घर केले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांची पिल्ले माझ्या उबेत वाढली. पण पंख्यांखाली चुरगळून पडलेले असताना मला सारखे ते गुळगुळीत टेबल आठवे आणि ते बेसूर गुणगुणणे.

हे दालन उभे राहिले तेव्हा संग्रहालयाच्या देखरेखीवरच्या तरुण बाईने मला शोधून काढले. माझी अवस्था पाहून ती पायरीवरच बसली. मग तिने भिंगरीला फोन केला, आणि भिंगरी आईला घेऊन आली.

भिंगरीचे केस पिकले होते. घडीबाई तर आणखीच ठेंगणी झाली होती. मला जमिनीवर पसरलेले होते. ती काठी बाजूला ठेवून माझ्याशेजारी खाली बसली, आणि अंगठी काढून कुठे अडकवावी म्हणून इकडेतिकडे बघू लागली. भिंगरीने हात पुढे केला. अंगठी भिंगरीच्या बोटात गेली.

कितीतरी दिवस दोघी येत राहिल्या. भिंगरी सुई ओवून देई आणि घडीबाई ठिगळे लावी. कात्रीने कापलेल्या जागी तिने मुद्दाम थोड्या वेगळ्या रंगाचे ठिगळ लावले. इथे काय झाले ते लोकांना दिसू दे, असे ती म्हणाली. टोक धरायला टोककाका आता नव्हते. ते भिंगरीने धरले. घडीबाई दोनदा तिच्यावर ओरडली की टोककाका असं सैल धरत नसत.

शेवटी मला छताला टांगायची वेळ आली. दोर लोंबू नयेत म्हणून जुडगे बांधायचे होते. देखरेखवाली बाई तार घेऊन आली. घडीबाईने मान हलवली आणि पिशवीतून कच्च्या दोऱ्याचे रीळ काढले. ती एकेरी पदर घेऊन बांधू लागली. सगळे जुडगे झाले आणि एकच उरला, तेव्हा भिंगरीने तिच्या हातावर हात ठेवला.

"आई, हा दुहेरी घे."

घडीबाईने वर पाहिले.

"आता हिला कुणाला खाली आणायचं नाही," भिंगरी म्हणाली. "आता घट्ट बांधलंस तरी चालतं."

घडीबाईने दोरा दुमडला. बांधला. त्यावर गाठ मारली, आणि गाठीवर आणखी एक गाठ. मग आणखी एक. भिंगरी हसू लागली, पण तिने थांबवले नाही.

"ही गाठ इतकी वर्षं हातात राहून गेली होती," घडीबाई म्हणाली.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. माझे दोर ओढू नका. माझे धागे आठवण म्हणून नेऊ नका. माझी आठवण हवी असेल तर मान वर करून नीट बघा, तेवढी पुरे. घरी एखादे जुने कापड, जुनी छत्री, जुनी पिशवी असेल तर ती वाळवून, घडी घालून ठेवा. कोंबू नका. आणि तुम्ही उंच जाल तेव्हा, तुम्हाला खाली आणण्याची तयारी कुणाच्या हातांनी केली आहे, ते निघण्याआधी एकदा विचारून घ्या.

कुपीच्या दाराच्या बाजूला उभे राहून वर पाहिले की शेवटचा जुडगा दिसतो. त्यावर बोराएवढी गाठ आहे. सफाई करणारे कधी कधी म्हणतात की ही कुणी बांधली, सुटता सुटत नाही.

ती सोडवू नका. तेवढी राहू द्या.